अडीच इंचांची टाच

ऐंशी साल उलटलं तरी बोरिवलीच्या आमच्या चाळीत मी बेलबॉटम सोडली नव्हती. कान झाकणारे केस, मागच्या खिशात कंगवा आणि पायात अडीच इंच टाचेचे बूट. मी जिना उतरलो की खालचा पत्त्यांचा डाव थांबतो, अशी माझी समजूत होती. शिंप्याला पँटचं माप बूट घालूनच दिलेलं. कड झिजू नये म्हणून खाली गोल पितळी चेनही शिवून घेतली होती. तेव्हा तशी पद्धत होती, हसू नका.

मुलुंडला मुलगी बघायला गेलो तो ह्या सगळ्या सरंजामानिशी. फोटो बघूनच मी पार विरघळलो होतो. मुलीची अट एकच, नवरा तिच्याहून उंच हवा. स्थळ आणणाऱ्या मावशीने मला बुटांत पाहून "चांगला दोन बोटं उंच आहे" असं कळवूनही टाकलं होतं.

त्यांच्या दारात चपलांची रांग दिसली आणि मी उंबऱ्याबाहेरच थबकलो. घरात शिरताना बूट काढतात हे मला जन्मापासून ठाऊक होतं. त्या दिवशी आठवलं नव्हतं, एवढंच.

बूट काढले. पँट पायांखाली आली आणि पावलागणिक चेन फरशीवर खर्र, खर्र वाजू लागली. मुलीच्या वडिलांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि उठून तो बंद केला. आता तर आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

एकदा बसलो की निघेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं. मुलगी पोहे घेऊन आली. तिच्याकडे बघायला मला मान बरीच वर करावी लागली. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "जरा दोघं शेजारी उभे राहा पाहू."

मी पाणी मागितलं. मग आणखी पोहे मागितले. मावशीने दंडाला चिमटा काढला. "ऊठ ना रे."

उठलो, तो चवड्यांवर. एवढ्या घेरात पावलं कोणाला दिसणार? पण पोटऱ्या लटपटायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर चेनही किणकिणायला लागली. मुलीने खाली पाहिलं.

"टाचा टेका," ती हळूच म्हणाली. "लग्नात अनवाणीच उभं राहायचं असतं. तेव्हा काय करणार होतात?"

"तिथवर विचार पोचला नव्हता," मी म्हणालो आणि टेकल्या. ती बोटभर उंच निघाली. ती बशा उचलून आत गेली.

मग रोज संध्याकाळी मी जिन्यात मावशीची वाट बघत बसायचो. कंगवा खिशातच राहायचा. शेवटी ती आली, तोंड आंबट करूनच.

"पँट आखूड करून घे म्हणालीय," तिने सांगितलं. "आणि हो म्हणालीय."

लग्नात उंचीसाठी दुसरा पाट न मागता मी एकाच पाटावर उभा राहिलो. अंतरपाटाच्या वर तिच्या मुंडावळ्या दिसत होत्या. माझ्या तिला दिसल्या नसाव्यात.