बापूमास्तरांचं उसनं वाक्य

दारात खाकी कपडे दिसले की अजून मी दचकते. सांगलीत आमच्या बिऱ्हाडाच्या पायरीवर तारवाला येऊन उभा राहिला, तेव्हाही मी आधी घरात वळून पाहिलं, कुणाला लपवायचं आहे का म्हणून! लपवायला कुणीच नव्हतं. स्वराज्य येऊनही दोन वर्षं होत आली आहेत. मग तार हातात घेतली. साताऱ्याचे बापूमास्तर गेले होते.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात त्यांच्यावर चार ठिकाणी लिहून आलं आणि चारही ठिकाणी एक गोष्ट न चुकता आली. मास्तरांना काहीही विचारा, ते आधी डोळे मिचकावून म्हणायचे, “खरं सांगू का खोटं सांगू?” त्यांचं हे वाक्य साताऱ्यात पोराटोरांच्या तोंडी होतं. ते वाचून मला हसू येत नाही. कारण ते वाक्य त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या तोंडी कसं आलं हे माझ्याखेरीज दोघांतिघांनाच ठाऊक आहे, आणि ते लिहिताना, खोटं कशाला बोलू, आत्ताही मी मधूनमधून दाराकडे बघतेय.

मास्तर शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी सकाळी आपल्या पडवीत आमच्यासारख्या नवशिक्यांची बाडं वाचायचे. आपल्याच वयाच्या मुलामुलींसाठी कादंबऱ्या लिहायचं खूळ आम्हां चारपाच जणांच्या डोक्यात शिरलं होतं. मी सतरा वर्षांची, त्यांत एकटी मुलगी. मास्तरांची रीत अशी, की लिहिणाऱ्यानं समोर बसायचं आणि बाड त्यांनी मोठ्यानं वाचायचं, तेही वाण्याची यादी वाचावी तसं, सपाट. “तुझं वाक्य माझ्या आवाजाच्या कुबड्या घेऊन नको उभं राहायला,” म्हणायचे. खोटं वाटलं तिथं पेन्सिलीनं गोल काढायचे आणि समासात एकच शब्द लिहायचे : ‘पाहिलंस?’

माझ्या पहिल्या वहीत तर गोलच गोल! मी राजपुतान्यातल्या राजकन्येची गोष्ट लिहिली होती. मास्तर म्हणाले, “इंदू, वाळवंट पाहिलंस?”

“नाही.”

“उंट तरी?”

“सर्कशीत पाहिला, मास्तर.”

“मग सर्कशीतला उंट लिही. तो काय कमी आहे?” बाकीची मुलं खिदळली. मी रडकुंडीला आले. आतून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, माझ्यासाठी लाडू पाठवला आणि वर मास्तरांना ऐकवलं, “पोरीला रडवू नका हो सकाळी सकाळी.” मास्तरांनी जाताना मला एवढंच सांगितलं, की ओळखीचा एखादा माणूस घे आणि त्याला बोलू दे. बोलला की तो आपोआप दिसेल.

ओळखीचा माणूस माझ्या डोळ्यांसमोरच होता, आणि तिथंच घात झाला. रहिमतपूरच्या अलीकडे आमचं आजोळ. तिथला माझा म्हादूमामा चळवळीत होता. त्याच्यावर वॉरंट होतं आणि कधीमधी तो साताऱ्यात आमच्या घरी माळ्यावर येऊन राहायचा. भाकरी द्यायला मी वर गेले की त्याला विचारायचे, “मामा, आत्तापर्यंत कुठं होतास?” आणि तो म्हणायचा, “खरं सांगू का खोटं सांगू?” लहानपणापासून त्याची ही सवय. आसपासच्या पाच गावांत त्याला त्यावरून चिडवायचे. मी कादंबरीत त्याचं नाव बदललं, गाव बदललं, मिशा काढून टाकल्या. तोंड तेवढं त्याचं त्यालाच ठेवलं! लेखिका व्हायला निघालेल्या मुलीला एवढी अक्कल नव्हती, की माणूस मिशीवरून नाही, बोलण्यावरून ओळखतात.

ती वही वाचताना मास्तरांचा सपाट आवाज पहिल्यांदाच हलला. तीन पानं झाली, एकही गोल नाही. मग ते थांबले, बाकीच्या मुलांना त्यांनी घरी पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, “हे पाहिलेलं आहे.” मी सुखावले. त्यांचा चेहरा उतरला होता, ते मला दिसलंच नाही. म्हणाले, “वही इथंच राहू दे. घरी नको. पुढच्या रविवारी काय बदलायचं ते सांगतो.”

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा फौजदार आधीच येऊन बसले होते. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी फरारी झाला होता, त्याची पत्रं शोधायला झडती. एक शिपाई फळीवरची बाडं खाली टाकत होता. फौजदार वडूजकडचे, वाचनाची आवड असलेले. एकेक वही चाळता चाळता माझी त्यांच्या हाती लागली. वर माझं नाव, ठळक अक्षरांत, खाली वेलबुट्टी काढलेली. त्यांनी मधलंच पान उघडलं, वाचलं, आणि बोट तिथंच ठेवून वर पाहिलं.

“खरं सांगू का खोटं सांगू... आयला! आमच्या कागदावर एक फरारी हाय, त्याच्या तोंडात ह्येच असतंय म्हनं. इंदू कोन?”

मी उभी राहिले. खरं तर राहिले की नाही तेही आठवत नाही. तीन आळ्या पलीकडे, आमच्या माळ्यावर, मामा तापानं फणफणून पडला होता. त्याला उठता येत नव्हतं, पळणं दूरच.

“कुठं आयकलंस ग ह्ये?”

नजर आमच्या घराच्या दिशेनं जाईल या भीतीनं मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मी मामाचं नाव घेणार. घेतलंच असतं, हे आज कबूल करते. एवढ्यात मास्तरांनी पानाचा डबा पुढं ओढला आणि डोळे मिचकावून म्हणाले,

“खरं सांगू का खोटं सांगू, फौजदारसाहेब?”

माझ्या मास्तरांना काही मी पहिल्यांदा पाहत नव्हते. हे वाक्य त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

“अहो, कार्टीनं माझीच टर उडवलीय! कादंबरीत घालून ठेवलंय मला. तुमच्या फरारी माणसाला म्हणावं, चांगली वाक्यं एकट्याच्या मालकीची नसतात.”

फौजदार हसले नाहीत. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. “व्हय का वो वैनी? मास्तर असंच बोलत्यात?”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, संपलं. काकूंना यातलं काय ठाऊक? आणि काकूंचा वैतागलेला आवाज आला, “लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ते!”

मग फौजदार हसले. वही मात्र त्यांनी बराच वेळ हातात घोळवली आणि मग ठेवली. ते गेल्यावर मास्तरांनी ती बंबात घातली. पेटायला वेळ लागला, तीन काड्या फुकट गेल्या. मामाला दोन दिवसांनी बैलगाडीत, कडब्याखाली घालून हलवलं.

पण सुटका झाली होती ती मामाची, मास्तरांची नव्हे. फौजदार संशयी. कधी चहाच्या निमित्तानं यायचे, कधी मंडईत अचानक मागून “काय मास्तर, वांगी कशी?” विचारायचे. मास्तरांना दचकायलाही मुभा नव्हती. “खरं सांगू का खोटं सांगू?” हे आलंच पाहिजे. वर्गात, न्हाव्याकडे, देवळात, सगळीकडे तेच. काकू सांगायच्या, आंघोळ करता करता ते पुटपुटत असायचे, विसरू नये म्हणून. पुढं फौजदारांची बदली झाली, राज्य बदललं. तोवर वाक्य तोंडात मुरलं होतं. पोरं नक्कल करायची आणि मास्तर हसायचे.

मी मात्र लिहिणं सोडलं. वही घेतली की खाकी कपडे दिसायचे. लग्न होऊन सांगलीला आल्यावरही मास्तरांच्या प्रत्येक पत्राखाली असायचं, ‘नवं काय लिहिलंस?’ दिवाळीत शेवटची भेटले तेव्हा चिडून म्हणाले, “तुला भीतीच वाटते ना? ती पाहिलीयस ना नीट? मग तीच लिही की!” मी विषय बदलला. आता वाटतं, निदान हो तरी म्हणायचं होतं...

मास्तरांच्या चौदाव्याला मी आणि म्हादूमामा साताऱ्याला गेलो. मामाचे केस पिकलेत, तोंड तेच आहे. शाळेतल्या दुखवट्याच्या सभेत कुणीतरी त्याला विचारलं, पाव्हणं कुठले? मामा सवयीनं म्हणाला, “खरं सांगू का खोटं सांगू?” शेजारचा तरुण शिक्षक ताडकन वळला. “मेल्या माणसाची नक्कल करू नये हो. शोभत नाही.” मामानं जीभ चावली. “चुकलं,” म्हणाला, आणि मागच्या ओळीत जाऊन बसला.

तिथून आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. पडवी तशीच होती. फळीवर बाडं, वर त्यांची पेन्सिल. काकू आत होत्या. पावलं ऐकून त्यांनी विचारलं, “कोण आलंय?”

मी तोंड उघडायच्या आत मामाच्या तोंडून निसटलं, “खरं सांगू का खोटं सांगू, वैनी?”

भांड्यांचा आवाज थांबला. अगदी त्या दिवसासारखा. काकू चौकट धरत बाहेर आल्या. मामाला त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“तुम्हीच का ते?”

मामानं हात जोडले. “व्हय. पर आता न्हाई म्हननार, वैनी. त्ये मास्तरांचं झालं.”

“म्हणा हो,” काकू म्हणाल्या. “घर फार गप्प झालंय.”

सगळ्या चळवळीत मामाचा आवाज असा कापलेला मी ऐकला नव्हता. पण म्हणाला. सबंध म्हणाला.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून ऐकतेय मी ते.”