गुडघ्यावरची तांबडी माती

ऐंशीच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका लहानशा गावात राहत होतो. घरात बसून भिंती बघायचा वैताग आला, म्हणून मी तिथल्या बेसबॉल टीमचे कपडे धुण्याचं काम धरलं. एम.ए. झालेली मुलगी परक्या पोरांच्या पँटी धुते, हे माहेरी कळवायची मात्र हिंमत झाली नाही.

टीमचे मॅनेजर क्युबाचे. तरुणपणी मोठ्या लीगमध्ये खेळलेले, आता साठीला टेकलेले. त्यांच्या ऑफिसात खुंटीला एक जुनी पँट असायची, गुडघ्यावर तांबडा डाग पडलेली. आमच्या मैदानाची मातीही तशीच तांबडी. मला तो डाग बघवत नसे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी टीम परगावी होती. मी सगळं झाडून-पुसून काढलं आणि ती पँटही धुतली. तीनदा पाणी बदललं तरी लालच येत होतं. पण मी कसली ऐकते! शेवटी पांढरीशुभ्र करून टांगली, वर खूशही झाले.

तिकीट खिडकीवरच्या बाईने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अगं, काय केलंस हे!"

ती क्युबातल्या त्यांच्या शेवटच्या मॅचची पँट होती. दर मॅचनंतर त्यांची आई पँट हाताने धुवायची. तिची बोटं सुजायची. त्या दिवशी अमेरिकेला खेळायला निघताना ते तिला म्हणाले होते, "राहू दे. सहा महिन्यांनी आलो की धू." मग तिकडे क्रांती झाली आणि परतीचा रस्ताच बंद झाला. आई गेली तेव्हाही त्यांना जाता आलं नाही. म्हणून प्रत्येक मॅचआधी ते त्या डागाला बोट लावून कपाळाला टेकवत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका आईची शेवटची खूण मी नळाखाली सोडून दिली होती. टीम परतायच्या आत मी मैदानातली माती कालवून गुडघ्यावर चोळली. ते आले, बोट लावलं, कपाळाला टेकवलं. मग मैदानावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट पुन्हा पांढरी. आणि ओली.

ऑफिसच्या किल्ल्या दोनच, त्यांची आणि माझी. मी घाबरत पुन्हा माती लावली. तिसऱ्या दिवशी तेच. सबंध सीझन मी सकाळी माती लावत होते आणि दुसऱ्या सकाळी ती गेलेली असायची. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "झोप नीट होत नाही तुझी." भला माणूस!

शेवटच्या मॅचच्या सकाळी मॅनेजर लवकर आले. मी पँटच्या गुडघ्यावर माती चोळत बसलेली. मला रडूच फुटलं. "चुकलं माझं," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तू इतकी धडपडतेस, म्हणून बोट लावत होतो."

"मग रोज धूत कशाला होता? सरळ बोलायचं होतं मला!"

ते माझ्याकडे वळले. "मी? मला वाटलं, तूच धुतेस."

त्यांनी पँट हातात घेतली, ओला गुडघा गालाला लावला.

"आता माती लावू नकोस," ते हळूच म्हणाले. "तिची बोटं दुखतात."