नाना लेल्यांची खारी माती

किस्से कोणी मुद्दाम साठवायला जात नाही. मळ्याच्या कोपऱ्यात उकिरडा वाढतो, तसे ते वाढतात. कोणी कधी काय टाकलं ते आठवत नाही, आणि एक दिवस बघावं तर हा एवढा ढीग! आमच्या मळ्याचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की मी नुसता घसा खाकरला तरी बायको चहा टाकायला उठते. पण तुम्ही नवीन आहात. बसा!

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-पंधरा वर्षं. पनवेलला खाडीच्या अंगाला भाजीपाल्याचा एक सरकारी मळा होता. पाटीवर लिहिलेलं, 'नमुन्याचा मळा'. गावातले लोक म्हणायचे, "मळा कुठे दिसत नाही, नमुने मात्र चार आहेत!"

चार नमुने म्हणजे असे: एक मी, कारकूनही मीच आणि स्टोअरकीपरही मीच. मळ्याचे मुख्य नाना लेले. वाफ्यांचं काम बघणारी धर्मीबाय, जवळच्याच आगरी गावातली. आणि खताची बैलगाडी हाकणारे हुसेनमियां.

जागा म्हणजे काय सांगू! जुनं मिठागर. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी खरवड चढायची. कोणालाच नको होती म्हणून आम्हाला मिळाली, आणि तीही तात्पुरती. "समाधानकारक पीक न दिसल्यास जागा गोदामासाठी घेण्यात येईल," अशी ऑर्डर पहिल्याच वर्षी आली. नानांनी ती वाचली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि मला विचारलं, "गोदामात काय पिकतं हो?"

नानांचं म्हणणं एकच. मिठागरावर राबणाऱ्या माणसांच्या पोरांच्या ताटात भात आणि सुकट, हिरवं काही नाही. तर याच मातीतून कसदार भाजी काढून दाखवायची. "माती उपाशी असेल तर भाजीत कस येणार कुठून? आधी तिला जेवायला घाला!" हे ते इतक्या पोटतिडकीने सांगायचे की आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यात जरा जास्तच वेळ घालवला, असं आता वाटतं.

*

नाना माती चाखायचे. खरंच! सकाळी आले की चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकायचं आणि सांगायचं, "कडेचा वाफा सुधारतोय." पावसाचं गोडं पाणी बांधात कोंडायचं, मग चरातून सोडून द्यायचं, की थोडं मीठ धुऊन जायचं. किती गेलं ते नाना जिभेने बघायचे.

एकदा अलिबागचे साहेब इन्स्पेक्शनला आले. मी रिपोर्ट पुढे केला. नाना म्हणाले, "साहेब, रिपोर्ट काय वाचता? चाखा!" आणि त्यांच्या तळहातावर माती ठेवली.

साहेब गडबडले, पण भिडेखातर तोंडात टाकली. थुंकायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गिळली!

नाना वाकून विचारतात, "कशी आहे? खारट लागते का अजून?"

साहेब ओरडले, "अहो लेले, मला ब्लडप्रेशर आहे! डॉक्टरांनी मीठ बंद केलंय माझं!"

"म्हणजे आहे अजून," नाना खिन्नपणे म्हणाले आणि तडक चर बघायला निघून गेले. साहेबांना पाणी मी दिलं.

*

नानांच्या थोरल्या मुलीला, सुमनला, शिरढोणच्या बाजूचं स्थळ आलं होतं. घर बघायला नाना एकटेच गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा नुसता खुललेला. मी मळ्याच्या हिशेबाच्या सह्या घ्यायला त्यांच्या घरी बसलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

त्यांच्या बायकोने, माईंनी विचारलं, "कसं आहे स्थळ?"

"उत्तम!" नाना म्हणाले. "अगं, असं शेणखत मी पनवेल तालुक्यात बघितलं नाही. दोन वर्षं कुजवलंय. हातात घेतलं तर चहाच्या पावडरीसारखं! वास म्हणून नाही!"

"आणि मुलगा?"

नाना विचारात पडले. बराच वेळ आठवून म्हणाले, "मुलगा... होता वाटतं तिथे."

मी हसून हसून बेजार झालो. माई हसल्या नाहीत. चार दिवसांनी तिकडून निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण व्याही आमच्या गोठ्यातून घरात यायलाच तयार नव्हते." स्थळ फिसकटलं. सुमनचं लग्न झालं पुढे, चांगल्या घरी झालं, पण उशिरा. तोवर माईंनी घरात मातीचं नाव काढू दिलं नाही. मी हा किस्सा सांगतो तेव्हा लोक खो खो हसतात, आणि मला मात्र माईंचा चेहरा आठवतो.

*

मग मासळीचं खत. मोऱ्याच्या बंदरावरून कोळी लोकांकडची उरलीसुरली, खराब झालेली मासळी हुसेनमियां पोत्यांतून आणायचे आणि नाना ती पालापाचोळ्यात पुरायचे. वारा खाडीकडून सुटला की निम्म्या गावाची खिडक्या लावायला धावपळ!

शेवटी गावातले चार प्रतिष्ठित लोक नाकाला रुमाल लावून मळ्यावर आले. "लेले, हा वास बंद करा. घरात घास उतरत नाही!"

नाना काही बोलायच्या आत हुसेनमियां अदबीने पुढे झाले. "हुजूर, आज वास तुमच्या घरी आलाय, उद्या कोबी येईल. मेहमान आधी येतो, तोहफा मागून!"

कोबी आला. चांगला घट्ट, ओंजळीत मावणार नाही असा. नानांनी त्या चारही घरी एकेक गड्डा पाठवला. चारही घरून परत आला. "वास येतो," म्हणे! वासबिस काही नव्हता हो. धर्मीबायने ते चारही गड्डे पदरात घेतले आणि म्हणाली, "बरा झाला, आमच्या घरी कुनाला नाकच नाय!"

*

धर्मीबायचं आणि नानांचं भांडण ठरलेलं. आमच्याकडे पेरणीआधी वाफ्यावर शेण, पाला, काटक्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. धर्मीबायच्या आजेसासूपासून चालत आलेलं. आणि नाना तर मळ्यात विडीसुद्धा ओढू देत नसत!

"जमीन भाजल्याबिगर कंदी पिकलंय काय?" धर्मीबाय कंबरेवर हात ठेवून विचारायची.

"आणि आतली गांडुळं? ती भाजली तर जमीन नांगरणार कोण? तू?"

"आमी घरी पोरांना एवढा जपत नाय, तेवढा तुमी गांडुळांना जपता!"

यावर नाना शांतपणे म्हणाले, "पोरं रडून तरी दाखवतात गं."

धर्मीबाय पाठ फिरवून निघून गेली. तिची दोन पोरं लहानपणीच गेलेली. नानांना ते माहीत नव्हतं, मागून कळलं. दुसऱ्या दिवशी स्वतः काडेपेटी घेऊन आले. "तुझा एक वाफा तू भाज. मी काही म्हणणार नाही."

धर्मीबायने काडेपेटी घेतली, कनवटीला खोचली आणि घमेलं उचलून शेणखत पसरायला गेली. त्यानंतर त्या मळ्यात राब झाला नाही. काडेपेटी काही तिने परत दिली नाही!

*

आता फ्लॉवरचं. हा किस्सा सांगताना मला अजून चुटपुट लागते.

दुसऱ्यांदा ऑर्डर आली तेव्हा भाषा कडक होती. या हिवाळ्यात काहीतरी दाखवण्यासारखं पिकलं नाही, तर मळा बंद. मुळे आणि पालक दाखवून भागणार नव्हतं. नाना चिंतेत. तेव्हा हुसेनमियांचा पुतण्या बोटीवर खलाशी होता. त्याने नानांसाठी कुठल्याशा इटलीच्या बंदरातून बियांचं पाकीट आणलं. वरची अक्षरं इंग्रजीसारखी, पण वाचून काही अर्थ लागेना. काळ्या शाईत चित्र होतं, दांड्यावर गड्डा.

"फ्लॉवर!" नाना म्हणाले. "विलायती फ्लॉवर!"

सगळ्यात चांगला वाफा त्याला दिला. ताग पेरून, फुलायच्या आत मातीत गाडलेला. वर शेणखत, मासळीचं खत. रोपं अशी उठली, पानं अशी निळसर हिरवी, की रस्त्याने जाणारे लोक थांबायला लागले. वास येतो म्हणणारेसुद्धा! आणि मग गड्डा धरला. घट्ट, टपोरा, निरोगी. एक कीड नाही.

फक्त हिरवा.

आता फ्लॉवर म्हटला की पांढरा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! ऊन लागून हिरवा पडला असणार. त्याला उपाय असतो. भोवतीची पानं मोडून गड्ड्यावर झाकायची. आम्ही चौघांनी मिळून झाकली. काही दिवसांनी उघडून बघितलं तर जरासा फिकटलेला. झालं! आम्हाला आशा लागली. नानांनी अलिबागला कळवलं, "पीक उत्कृष्ट. पांढरं होताच कळवतो, आपण यावं." साहेबांनी दोनदा विचारलं, नानांनी दोनदा थांबवलं. आम्ही झाकतोय, उघडतोय, पुन्हा झाकतोय.

अखेर साहेब न विचारताच जीपने हजर झाले. नाना त्यांना वाफ्याकडे घेऊन गेले आणि देवावरचं वस्त्र काढावं तशी पानं बाजूला केली. गड्डा नव्हताच. सगळा फुटून वर पिवळीधमक फुलं! वाफाभर!

साहेब खूश होऊन म्हणाले, "वा! मोहरी छान आलीय!"

साहेबांनी रिपोर्टात तसंच लिहिलं, 'मोहरी, बरी.' मोहरीसाठी सरकार मळा कशाला चालवेल?

परवा सुनेने ताटात हिरवा तुरा वाढला. म्हणाली, "बाबा, ब्रोकोली. यात फार सत्त्व असतं." मी म्हटलं, "अगं, हा पांढरा कधी होतो?" ती हसली. "बाबा, हा हिरवाच असतो. हिरवाच खायचा!"

मी हातातला घास ताटात ठेवला. त्या मातीने नानांना अगदी जसा पाहिजे तसा गड्डा दिला होता, आणि आम्ही चौघे शहाणे तो चांगला होण्याची वाट बघत बसलो. चौघांपैकी एकानेही चिमूटभर तोडून तोंडात घातला नाही. आणि नाना, जे माती चाखायचे, त्यांनीसुद्धा नाही! ते जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. हे सांगायला धर्मीबाय नाही, हुसेनमियां नाहीत. मी सुनेला सांगितलं, तर तिने आणखी वाढलं.

*

आणि मग गोदामाचं काम निघालं ते.

मुंबईहून एक तरुण इंजिनीयर आला. मळ्याचं सामान मी गाडीत भरत होतो, धर्मीबाय पलीकडे बांधाजवळ घमेली गोळा करत होती. नाना कोपऱ्यात उभे होते, कोट-टोपी घालून, कोणाच्या तरी मयताला आल्यासारखे. कामगारांनी मधोमध पाया बघायला खड्डा घेतला. एकाने पहार मारली तर ती अशी आत गेली की त्याचा तोलच गेला.

इंजिनीयरने खाली वाकून माती मुठीत दाबली. मूठ उघडली तर माती मोकळी. पुन्हा दाबली, पुन्हा मोकळी. तो भडकला.

"अरे, ही काय जमीन आहे? कागदावर मिठागर लिहिलंय! कडक, टणक पाहिजे! ही तर नुसती भुसभुशीत! हिच्यावर गोदाम उभं राहील? कोणी वाट लावली हिची?"

आम्ही सगळे नानांकडे बघायला लागलो. नानांनी टोपी काढली आणि पुढे झाले.

"मी."

"तुम्ही? काय केलंत काय तुम्ही?"

"शेण घातलं. ताग गाडला. मासळी घातली. दर वर्षी," नाना म्हणाले. "माफ करा साहेब, तुम्हाला त्रास झाला."

"त्रास? अहो, ही सगळी उपसून फेकायला लागणार आता! वर मुरूम भरायला लागणार! कडक थर लागतोय तो इथे!" आणि त्याने रागारागाने स्वतःच्या पट्ट्यावर हात मारून दाखवला. "कंबरेएवढी माती खराब झालीय!"

नाना त्याच्याकडे बघतच राहिले.

"कंबरेएवढी?" ते हळूच म्हणाले. "नक्की ना साहेब? मला वाटलं, गुडघ्यापर्यंतच पोचलो असेन!"

नानांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि खड्ड्यात उतरून सरळ उभे राहिले. मग मोठ्याने हाक मारली,

"धर्मीबाय! लवकर ये गं! बघ, माती कुठवर आलीय!"