आसूढाळ घोडी

घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा असला, की त्याला आमच्याकडे आसूढाळ म्हणतात. असं जनावर मालकाला रडवतं, अशी पक्की समजूत. सारंगखेड्याच्या जत्रेत लोक घोड्याचे दात नंतर बघतात, आधी भोवरे.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेमकी तशीच घोडी आणली. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, मी लहान होते. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव, शेत पार नाल्यापलीकडे, आणि आबांचा एक गुडघा आखडलेला. जत्रेतली सगळी गर्दी उंच काठियावाडी घोड्यांभोवती. आबांना हवं होतं पोरीलाही बसता येईल असं बुटकं, शहाणं जनावर. ते मिळालं, पण डाव्या डोळ्याखाली भोवरा. भाऊबंदांनी गलका केला. आबा एवढंच म्हणाले, "मन्ही बायको गयी, तवय दारमा कोनती घोडी व्हती?"

घरात आम्ही तिघं. मी, आबा आणि घोडी. सकाळी खरारा करायचा, खुरात अडकलेले खडे काढायचे, मग पाठीवर खोगीर. रात्री हरभरे भिजत घालायचे. मी भाकरी बांधून घोडीवरून शेतात निघाले, की ओट्यावरच्या बाया नाक मुरडायच्या. मुरडा म्हटलं! तुमच्या नाकावरून तर जात नाही ना मी?

आबा मुलखाचे अबोल. आईचा विषय माझ्यासमोर त्यांनी कधी काढला नाही. पण खरारा करताना ते घोडीशी बोलायचे. आज अमक्याची सून आली, हसणं अगदी आईसारखं. आज मेथीची भाजी केली, तिच्या हाताची चव नाही आली. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. आईबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते असं घोडीच्या वाट्याचं चोरून घेतलेलं आहे. आपल्याशी का बोलत नाहीत, याचा मला फार राग यायचा, आणि रडूही यायचं.

पुढे फैजपूरकडून मला पाहायला आले. केळीचं बागायत, माणसं भली. मुलाचे मामा पोहे खाऊन हात धुवायला मागे गेले आणि तिथूनच ओरडले, "अरे, ही तर आसूढाळ!" मग आत येऊन बसले. पोरगी पसंत आहे, म्हणाले, पण ही घोडी दारात असेपर्यंत सोयरीक नाही.

"घोडी कुठे येतेय तुमच्याकडे? मी येतेय!" मी बोलून गेले. मामांच्या हातातला चहा बशीत सांडला. आबांनी मान खाली घातली.

पाहुणे गेल्यावर मी आबांना स्पष्ट सांगितलं, हे लग्न मला नको. मी जाणार, वर घोडीही जाणार, मग तुमच्यासोबत कोण?

"मी शे ना मन्हासंगे," आबा म्हणाले.

मी भांडले, जेवले नाही, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. मार्गशीर्षात ते तिला घेऊन जत्रेला गेले. विकणारे भोवऱ्याचे केस कातरतात, वर काजळ फासतात. आबा मात्र येईल त्याला स्वतःच बट बाजूला करून भोवरा दाखवत बसले. कोण घेणार? शेवटी जत्रा उठता उठता तापीपलीकडच्या कुणीतरी नेली. आबा खांद्यावर खोगीर घेऊन चालत घरी आले.

लग्न झालं. सासरी कुणी वाईट वागलं नाही. पण केळीच्या त्या गर्द बागांत मला पहाटे जाग यायची ती खराऱ्याच्या आवाजाने, आणि तो आवाज कुठेच नसायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिल्यांदा माहेरी आले. गल्लीतल्या पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या. मी पिशवी ओट्यावर टाकली आणि सवयीने मागे गेले. गोठा झाडलेला होता. टाकीत ताजं पाणी, पाटीत भिजवलेले हरभरे. परत आणली की काय! मी चारी बाजूंना पाहिलं. दावं खुंट्याला गुंडाळलेलं होतं.

आबा मागे येऊन उभे राहिले. हातात खरारा.

"हे कोणासाठी, आबा?"

"हात ऐकत नहीत," ते म्हणाले. मग पाटीतले मूठभर हरभरे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. प्रवासातून आलीस, खा म्हणाले. आम्ही दोघं गव्हाणीच्या कडेला बसून खात राहिलो. बाहेर पोरींची गाणी चालू होती.

मला राहवलं नाही. "आता बोलता कोणाशी?"

त्यांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. त्यांना असं मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"लोके खोटं नही सांगेत, बेटा," आबा म्हणाले. "रडाईसनच गयी ती."