मॅव्हिसचा सभ्यपणा

इंग्लंडात यॉर्कशायरच्या मॅव्हिस ओल्डरॉइडच्या जिभेला हाड नव्हतं. बाई एकसष्ट वर्षांची, समज जन्मापासून जरा सावकाश, पण शिव्या जिभेच्या टोकावर. पोस्टमन मुडदा, पाद्री भोपळा आणि तिची देखभाल करणारी बेरिल थेरडी. ही थेरडी तिच्याहून बारा वर्षांनी लहान होती. कुणी मनावर घेत नसे. मॅव्हिस शिव्या घालतेय म्हणजे ठणठणीत आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

घोळ एकच होता. डॉक्टरपुढे कुरकुर करायची नाही, असं आईनं तिला लहानपणी बजावलं होतं. त्यामुळे दुखायला लागलं की बाई एकदम सभ्य व्हायची. गेल्या ईस्टरला पित्ताशय सुजलेलं असताना डॉक्टरनं ‘कशा आहात?’ विचारलं, हिनं ‘छान, आभारी आहे’ म्हटलं आणि त्या शहाण्यानं तिला घरी धाडलं. तीन दिवसांनी ती पिवळीजर्द होऊन परतली आणि मरता मरता वाचली. बेरिल आठवडाभर रडली. मग दोघींनी बसून हॉस्पिटलचा जांभळा पासपोर्ट भरला. पेशंटला काय सोसत नाही, त्याचं दुखणं कसं ओळखायचं, हे त्या वहीत लिहायचं असतं. पहिली ओळ मॅव्हिसनं सांगितली आणि बेरिलनं जशीच्या तशी उतरवली.

ऑक्टोबरात पुन्हा पोट दुखायला लागलं. बेरिल गाडी लावायला जागा शोधत हॉस्पिटलभोवती घिरट्या घालत होती आणि आत मॅव्हिस एकटी. नर्सनं मायेनं चहा आणला आणि कप नेमका पासपोर्टवर ठेवला.

एक कोवळा, दमलेला डॉक्टर आला. कशा आहात, त्यानं विचारलं.

“छान, आभारी आहे,” मॅव्हिस म्हणाली. तिचा गळा घामानं भिजला होता.

किती गोड बाई आहे, असं नर्सला म्हणत त्यानं घरी सोडायचा कागद पुढे ओढला. मॅव्हिसला ईस्टर आठवला. तिला भीती वाटली, फार भीती वाटली, पण आईची शिकवण काही मोडवेना. तिनं कप उचलून त्याच्या कागदावर ठेवला आणि वही त्याच्या नाकासमोर धरली.

‘मी गोड बोलले तर मी मरतेय. शिव्या दिल्या तर घरी सोडा.’

डॉक्टरनं ते दोनदा वाचलं. मग तो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं नेहमीचा प्रश्न सोडून दिला.

“कुठे?”

मॅव्हिसनं त्याचा हात धरून पोटावर उजवीकडे, खाली ठेवला. त्यानं हलकेच दाबलं.

“आपली फार कृपा झाली, डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली.

डॉक्टर सर्जनला बोलवायला पळत सुटला.