फाट्यावरची भागाबाई

धुळ्याकडे जाणारी सकाळची एसटी फाट्यावर थांबेल याचा काही नेम नसायचा. गाडी भरून आली की ड्रायव्हर सरळ पुढे काढायचा आणि कॉलेजच्या पोरी धूळ खात उभ्या राहायच्या. म्हणून भागाबाई रोज शेतात जाण्याआधी इथे यायची आणि एसटी दिसली की विळा कमरेला खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. जुने ड्रायव्हर तिला ओळखून होते. लांबूनच वेग कमी करायचे.

आज बारावीचा पहिला पेपर होता आणि ड्रायव्हर नवा होता. त्याने वेग कमी केलाच नाही, नुसता हॉर्न दाबून धरला. पेपरला निघालेल्या पोरींतल्या सुलक्षणाने घाबरून मागून भागाबाईचा पदर ओढला. भागाबाईने पदर सोडवून घेतला, पण पाय हलवला नाही. ब्रेक करकचले. एसटी हातभर अंतरावर येऊन थांबली.

"चढा पोरीहोन," ती म्हणाली.

ड्रायव्हर तणतणत खाली उतरला. "मरायचंय का अक्का? नात आहे का तुमची यांच्यात?"

"कोनीच नही," भागाबाई म्हणाली. "मनी सोतानी पोरना टाइमले बस थांबनी नही, भाऊ. तिनी शाळा याच फाटावर कायमनी सुटनी."