डाव्या पायात लाल

वय या गोष्टीवर आमच्या आतोबांइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माणसं स्वतःचं वय लपवतात आणि दुसऱ्याचं वाढवून सांगतात. आतोबांना मात्र जगातल्या प्रत्येक जिवंत वस्तूचं वय हवं असे, आणि तेही खरं. लग्नघरी गेले की नवरदेवाच्या आजीशेजारी ठाण मांडत आणि शेवटची पंगत उठेपर्यंत प्लेगच्या नाहीतर एखाद्या वादळाच्या हिशेबाने तिचं वय काढून मोकळे होत. रस्त्यात शेळी दिसली की तिचे दात बघत. आत्याने बाजारात पाठवलं की माशाचा एक खवला काढून उन्हाकडे धरत आणि त्यावरच्या रेषा न्याहाळत बसत, कारण झाडाच्या खोडासारखी माशाच्या खवल्यावरही वर्षं उमटतात, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबत. शेवटी कोळीण ओरडे, "अरं मास्तर, वय कशाला बघताव? लगीन लावताव काय तिचा?" आतोबा शांतपणे म्हणत, "लग्न नाही हो बाई, हिने पावसाळे किती काढले ते बघतोय." एवढी तपासणी करून ते जो मासा घरी आणत तो बहुधा शिळा असे. आत्या म्हणे, "वय कळतं, मरण कळत नाही."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दादरच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि परळला गिरणीमागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मी गिरगावात राहत होते आणि एका वाचनालयात नोकरी करत होते. रविवारी आत्याकडे जेवायला जायचा माझा नेम होता. अशाच एका रविवारी, ताटावर बसल्याबसल्या, त्यांनी मला विचारलं, "तू म्हातारी चिमणी पाहिली आहेस का गं?"

मी विचार केला. पिल्लू पाहिलं होतं, मेलेली चिमणी पाहिली होती. म्हातारी पाहिल्याचं काही आठवेना.

"कुणीच पाहिलेली नाही," आतोबा म्हणाले. "कावळा, घार, हरीण, कुणाचंच म्हातारपण आपण पाहत नाही. मग ती म्हातारी होऊन मरतात, की व्हायच्या आतच मरतात? जन्मतात किती, जगतात किती, हे कुणीतरी बघायला नको?"

त्या दिवसांत सगळ्या मुंबईला एकच प्रश्न पडला होता, मुंबई कुणाची. भिंती त्याने रंगल्या होत्या, सभांना जागा पुरत नव्हती. आमच्या आतोबांना पडलेला प्रश्न हा असा होता, आणि त्यासाठीही ते तुरुंगात जायला तयार झाले असते.

चिमणीच्या चेहऱ्यावर सुरकुती पडत नाही. तेव्हा तिच्या पायात खूण करायची असं त्यांनी ठरवलं. खालच्या मजल्यावरचा एक विणकर त्यांना रंगीत सुताचे तुकडे आणून देई. गॅलरीत आत्याची रोवळी काडीवर तिरकी टेकवायची, खाली तांदूळ टाकायचे, काडीला बांधलेली दोरी घेऊन दाराआड बसायचं. चिमणी आत आली की रोवळी पडे आणि आत्या स्वयंपाकघरातून ओरडे, "मी तांदूळ कशात धुवू?" त्या साली जन्मलेल्यांना लाल धागा, पुढच्या सालच्यांना हिरवा, त्यापुढे पिवळा. चिमण्यांना नावं द्यायला मात्र त्यांची सक्त मनाई होती. म्हणत, "नाव ठेवलं की माया जडते, आणि माया जडली की माणूस खोटं बघायला लागतो." म्हणून त्यांची सगळ्यांत पहिली चिमणी कागदोपत्री 'डाव्या पायात लाल' एवढीच होती. आत्या तिला थोरली म्हणे. आतोबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मलाही त्यांनी रंगीत सुताची एक गुंडी दिली आणि गिरगावातल्या चिमण्यांना धागे बांधायला लावलं. माझ्या चाळीत माझं लग्न का जमत नाही याची कारणं त्यानंतर कुणी शोधली नाहीत.

गिरगावच्या माझ्या चिमण्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. कुणाला मांजराने नेलं, कुणाचं काय झालं ते कळलंच नाही. दोन पावसाळे काढलेली एखादीच उरली. "असंच होणार," आतोबा म्हणाले. पण त्या वर्षी परळला वेगळंच घडत होतं. तिथल्या धागेवाल्या चिमण्या मरायचं नावच घेत नव्हत्या. आणि थोरली तर खरोखरच म्हातारी होत होती. घरटं उशिरा बांधी, अंडी कमी देई, उडायच्या आधी कठड्यावर क्षणभर थांबे. जिना चढायच्या आधी आत्या थांबायची तशी. आतोबांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. जगात म्हातारी चिमणी असते, आणि ती आपल्या गॅलरीत आहे!

हरताळाच्या दिवसांत त्यांचा जीव टांगणीला लागला. दाणेवाल्यांची दुकानं बंद, म्हणजे पोती हलवताना सांडणारं धान्य बंद. ते सरळ चाळीतल्या पुढारी मंडळींकडे गेले आणि म्हणाले, "वाण्याची एक फळी उघडू द्या, चिमण्यांपुरती."

"मास्तर, चिमण्या महाराष्ट्राच्या बाजूने आहेत ना?" एकाने विचारलं.

"चिमण्या भुकेच्या बाजूने आहेत," आतोबा म्हणाले. मंडळी हसली, फळी काही उघडली नाही. तरीही परळच्या चिमण्या टुणटुणीत राहिल्या. मग आतोबांनी सिद्धांत मांडला. गिरणीतल्या विणाईखात्याची दमट हवा चिमणीच्या फुप्फुसाला मानवते, आणि भोंग्यामुळे तिचं झोपणं-उठणं वेळच्या वेळी होतं. यावर ते एका अभ्यासमंडळापुढे निबंध वाचणार होते. त्यासाठी थोरलीने आणखी एक पावसाळा काढायला हवा होता. तेवढ्यासाठी ते रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तिला डोळे भरून बघून जात.

समोरच्या खोलीत एक मालवणी काकी राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा सत्याग्रहात पकडला गेला होता आणि कित्येक महिने तुरुंगात होता. एका सकाळी चाळीत आरडाओरड झाली, मुलगा सुटून आला होता. थोड्या वेळाने काकी पेढ्यांची पुडी घेऊन आत्याच्या दारात उभ्या राहिल्या. रविवार होता, म्हणून मीही होते.

"मास्तरानू, माजो झील घराक इलो," काकी म्हणाल्या. डोळे गळत होते. "आता तो धागो सोडा."

"कुठला धागा?" आतोबांनी विचारलं.

"त्या चिमणीच्या पायातलो. तुमी नवस केल्यात तो."

मग हळूहळू उलगडा झाला. सूत कुजतं, म्हणून आतोबा दर वर्षी धागा बदलत. ज्या सकाळी मुलाला धरून नेलं त्याच सकाळी ते थोरलीला नवा लाल धागा बांधत होते. चिमणीच्या छातीचं हाड बोटाला किती लागतं यावरून ती पोसलेली आहे की नाही ते कळतं, आणि ते चाचपताना आतोबा डोळे मिटत, तोंडाने पुटपुटत. काकींनी दारातून पाहिलं. लाल धागा, मिटलेले डोळे, पुटपुटणं. मास्तर आपल्या मुलासाठी नवस बोलतात, अशी त्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवसापासून आतोबा शाळेत गेले की काकी आपल्या दारात एका करवंटीत तांदूळ ठेवू लागल्या. चाळीतली आणखीही मुलं तुरुंगात होती. त्यांच्या आयांच्या वाटणीला हिरवे-पिवळे धागे आले. घरात चूल पेटो न पेटो, नवसाच्या चिमण्या उपाशी राहिल्या नाहीत. मांजराला तर सगळ्या मजल्याने मिळून पिटाळून लावलं होतं.

"आणि बिनधाग्याच्या चिमण्या?" आतोबांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"त्यांका हाकलतंव!" काकी अभिमानाने म्हणाल्या.

आतोबा ट्रंकेवर बसले. दमट हवा गेली, भोंगा गेला, निबंध गेला. माझ्याकडे बघून त्यांनी चष्मा पुसला.

"देवाचा देणा ठेवू नये, मास्तरानू," काकी म्हणाल्या. "सोडा."

त्या धाग्याशिवाय थोरली म्हणजे हजार चिमण्यांतली एक चिमणी. एकदा उडाली की पुन्हा कधी ओळखू येणार नाही. निबंध बुडाला तरी ती स्वतः उरली होती, आणि ती किती जगते हे त्यांना आजही बघायचं होतं. मी पुढे होऊन खरं काय ते सांगणार होते. आतोबांनी हातानेच मला थांबवलं आणि रोवळी मागितली. आत्याने त्या दिवशी धुवायला घेतलेले तांदूळ परातीत ओतून ती दिली.

थोरली पटकन आली, तिला आता भीती उरली नव्हती. आतोबांनी तिला रुमालात धरलं, नखाने गाठ सोडली, सूत काकींच्या तळहातावर ठेवलं आणि हात उघडला. ती क्षणभर कठड्यावर थांबली आणि उडाली. पलीकडच्या पत्र्यावर बऱ्याच चिमण्या बसल्या होत्या. त्यांत ती मिसळली.

काकी गेल्यावर मी म्हटलं, "सांगायचं तरी, की नवस नव्हता म्हणून."

"काय सांगू? की तिने ज्याच्या आधारावर इतके दिवस काढले ते नुसतं सूत होतं?" पेढा तोंडात टाकून ते पत्र्याकडे वळले. मग म्हणाले, "उत्तर मिळालं गं. रानात म्हातारपण नसतंच बहुधा. ते दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं."

त्यानंतर त्यांनी धागे बांधणं सोडलं. तांदूळ मात्र स्वतः टाकू लागले, सगळ्यांनाच. निवृत्त झाले, वाकले, ऐकू कमी येऊ लागलं. पुढे काकींचा तोच मुलगा त्यांना डॉक्टरकडे न्यायला खुर्चीत बसवून जिना उतरवत असे, आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी पेजेची वाटी घेऊन उभं असे. आतोबा मला डोळा घालून म्हणत, "माझ्या पायात धागा दिसतो का बघ जरा."

आतोबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परळला गेले. आत्या गॅलरीत बसून करवंटीत तांदूळ ओतत होती. चिमण्या तिच्या पायापर्यंत आल्या होत्या.

"यातली थोरलीच्या वंशातली कोणती असेल गं?" मी विचारलं.

"ते कसं कळणार?" आत्या म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांना घालायचे."

ते खरंच होतं. तरी मी तिच्याशेजारी पाटावर टेकले, आणि तांदूळ संपेपर्यंत एकेकीच्या डाव्या पायाकडे बघत राहिले.